ज्याचे त्याला : अभ्यासातील प्रामाणिकपणा आणि विद्यार्थ्याचे वर्तन

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

• अभ्यासातील प्रामाणिकपणा म्हणजे काय, हे उदाहरणांसह सांगता येईल.
• सर्वसामान्य माहिती आणि एखाद्या लेखकाची स्वतंत्र मांडणी यांतील फरक ओळखता येईल.
• दुसऱ्याचा विचार आपल्या उत्तरात योग्य रीतीने घेता येईल.
• बोली व लोकसाहित्य यांचे संकलन करताना पाळावयाची पथ्ये सांगता येतील.
• परीक्षा, वाङ्मयचौर्य आणि विद्यार्थिवर्तन यांसंबंधीच्या कायद्यांचे स्थूल स्वरूप स्पष्ट करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या घटकांत आपण उत्तरलेखन आणि निबंधलेखन यांचा विचार केला. चांगले उत्तर कसे लिहावे, हे आपण पाहिले. परंतु ते उत्तर कोणाचे आहे, हा प्रश्न त्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि या घटकाचा तो विषय आहे.

हा प्रश्न दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला अधिक जवळचा आहे. नियमित महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी रोज शिक्षकांच्या डोळ्यांसमोर असतो. वर्गात त्याने विचारलेली शंका, दिलेले चुकीचे उत्तर, नंतर झालेली सुधारणा हे सारे कोणी तरी पाहत असते. तुमचे तसे नाही. तुमच्यापैकी कोणी पहाटे मालवणच्या बंदरावर मासळीच्या लिलावाला उभे राहत असेल, कोणी तारकर्लीला पर्यटकांची न्याहारी आटोपून दुपारी पुस्तक उघडत असेल, कोणी अंगणवाडीचे काम आणि घरचा स्वयंपाक उरकून रात्री दहानंतर लिहावयास बसत असेल. हा अभ्यास करताना तुम्हांला कोणी पाहत नाही. तुम्ही अभ्यास केला याची साक्ष देणारी एकच गोष्ट शिल्लक राहते, ती म्हणजे तुम्ही लिहिलेला कागद. तो कागदच परक्याचा असेल, तर तुमच्या कष्टांना साक्षीदार उरत नाही.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ मध्ये नाशिक येथे झाली. ज्यांचे शिक्षण परिस्थितीने अर्ध्यावर थांबले, त्यांच्या घरापर्यंत विद्यापीठ नेण्याची ही कल्पना होती. ‘घरी बसून मिळवलेली पदवी’ असे म्हणून अशा शिक्षणाकडे संशयाने पाहणारे लोक आजही भेटतात. त्या संशयाला उत्तर देण्याचे काम विद्यापीठाच्या शिक्क्यापेक्षा विद्यार्थ्याच्या लेखणीने अधिक होते. म्हणून प्रामाणिकपणाचे नियम हे विद्यार्थ्यावर घातलेले ओझे आहे, असे समजू नका. तुमच्या पदवीचे मोल राखणारी ती व्यवस्था आहे.

२. अभ्यासातील प्रामाणिकपणा : संकल्पना

अभ्यासातील प्रामाणिकपणाची व्याख्या एका वाक्यात करता येते : आपल्या लेखनातील कोणता भाग आपला आणि कोणता दुसऱ्याचा, हे वाचकाला स्पष्ट कळेल अशा रीतीने लिहिणे म्हणजे अभ्यासातील प्रामाणिकपणा होय.

या व्याख्येत दुसऱ्याचे घेऊ नये, असे कोठेही म्हटलेले नाही, हे लक्षात घ्या. ज्ञानाचा व्यवहार देवाणघेवाणीवाचून चालत नाही. किनाऱ्यावर रापण ओढताना अनेक हात दोराला लागतात आणि मासळी वर आली की प्रत्येकाचा वाटा ठरतो. जाळे कोणाचे, दोर कोणी ओढला, हे ठाऊक असल्यामुळेच ती वाटणी होऊ शकते. लेखनातही अनेकांचे हात असतात. त्यांचा वाटा लपवणे हा दोष आहे; वाटा असणे हा दोष नाही.

या प्रामाणिकपणाचा भंग मुख्यतः तीन प्रकारे होतो.

(अ) वाङ्मयचौर्य : दुसऱ्याचे शब्द, विचार किंवा मांडणी श्रेय न देता आपली म्हणून सादर करणे.

(आ) नक्कल : परीक्षेत किंवा गृहपाठात दुसऱ्याच्या अथवा चिठ्ठीवरच्या उत्तरावरून आपले उत्तर तयार करणे, तसेच दुसऱ्याला आपले उत्तर उतरवू देणे.

(इ) बनावट : जे घडले नाही ते घडले म्हणून लिहिणे. न घेतलेली मुलाखत, न वाचलेले पुस्तक, लेखकाच्या तोंडी घातलेले आपल्याच मनचे वाक्य ही याची उदाहरणे होत.

तिसरा प्रकार अनेकदा दुर्लक्षित राहतो. पहिल्या प्रकारात दुसऱ्याचे आपल्या नावावर येते, तर तिसऱ्यात आपले दुसऱ्याच्या नावावर जाते. दोन्हींत वाचकाची फसवणूक सारखीच होते.

३. मराठी परंपरेतील दाखले

श्रेय देण्याचा संकेत आधुनिक विद्यापीठांनी बाहेरून आणला, अशी अनेकांची समजूत असते. मराठी वाङ्मयाचा विद्यार्थी म्हणून तुम्ही ती तपासून पाहावी. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी भगवद्गीतेवरील आपली टीका पूर्ण केली. ग्रंथ प्रतिभेने ओतप्रोत भरलेला आहे. तरीही आपण व्यासांच्या आणि पूर्वीच्या भाष्यकारांच्या मार्गाने चाललो, असे त्यांनी ग्रंथाच्या अखेरीस नम्रपणे नमूद केले आहे. ऋण मान्य केल्याने त्यांचे स्वतंत्रपण उणावले नाही.

ज्ञानेश्वरीच्या प्रती पुढे हातोहात उतरवल्या जाऊ लागल्या आणि नकला करणाऱ्यांच्या हातून तीत पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, संत एकनाथांनी निरनिराळ्या प्रती पाहून ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी यात स्वतःची ओवी मिसळू नये, अशी ताकीद दिली. एकनाथ स्वतः थोर कवी होते. मूळ ग्रंथात चार ओव्या घालणे त्यांना अवघड नव्हते. पण लेखकाचा शब्द लेखकाचाच राहिला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आज आपण अवतरणचिन्हांत जे देतो ते मुळाबरहुकूम असावे असे म्हणतो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

तुकारामांच्या काळातील उदाहरण याहून उघड आहे. संतकवींच्या रचनेत अखेरीस कवीचे नाव येते. तिला नाममुद्रा म्हणतात. सालोमालो नावाचा तुकारामांचा एक समकालीन त्यांच्या अभंगांतील नाममुद्रा काढून तेथे स्वतःचे नाव घालीत असे, असे परंपरा सांगते. सालोमालोचा उल्लेख असलेले अभंग तुकारामांच्या गाथेत आहेत. मुद्रणालय, प्रताधिकार कायदा, विद्यापीठ यांपैकी काहीही नसलेल्या काळात वाङ्मयचौर्याबद्दलची ही नाराजी नोंदली गेली आहे.

आधुनिक काळात रूपांतराचा प्रश्न येतो. गोपाळ गणेश आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे भाषांतर आहे. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’ ‘ऑथेल्लो’वरून सिद्ध झाले आहे, तर पु. ल. देशपांडे यांचे ‘ती फुलराणी’ बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वर आधारलेले आहे. ‘भाषांतर’, ‘रूपांतर’, ‘आधारित’ या शब्दांनी मूळ कृतीशी असलेले नाते सांगितले जाते. ते नाते सांगितले की रसिक मूळ कृतीला तिचे श्रेय देतो आणि मराठी लेखकाने कथेला दिलेल्या नव्या रूपालाही दाद देतो.

४. सामाईक ज्ञान आणि स्वतंत्र मांडणी

येथे विद्यार्थी एक रास्त शंका घेतात : प्रत्येक वाक्याला आधार द्यावयाचा, तर लिहावयाचे कसे? याचे उत्तर समजण्यासाठी आपल्या भागातील दशावताराकडे पाहू.

दशावतारात सादर होणारी आख्याने पुराणांतील असतात. ती कोणा एका मंडळाची मालमत्ता नसते. प्रेक्षकांना कथा आधीपासून ठाऊक असते. परंतु नटासमोर लिहिलेली संहिता नसते. कोणता प्रसंग कोणामागून घ्यावयाचा हे ठरले, की संवाद नट स्वतः रंगमंचावर रचतो. कथा सर्वांची, पण त्या रात्रीचे संवाद त्या नटाचे. म्हणूनच तोच राजा आणि तोच राक्षस असूनही रसिक अमुक नटाचे काम पाहण्यासाठी दूरच्या जत्रेला जातात.

अभ्यासातही हाच भेद आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याची उभारणी १६६४ मध्ये सुरू झाली किंवा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला, ही सर्वज्ञात माहिती आहे. तिला आधार देण्याची आवश्यकता नाही. मात्र मालवणी बोलीतील एखाद्या लकबीचे कारण कोणी संशोधकाने सांगितले असेल, किंवा चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्यांतील भयाचा एखाद्या समीक्षकाने विशिष्ट अर्थ लावला असेल, तर ते त्या व्यक्तीचे म्हणणे होय. ते घेताना नाव द्यावेच लागते.

आता प्रत्यक्ष लेखनाकडे वळू. पुढील वाक्य या घटकासाठी रचलेले आहे. ते एखाद्या संदर्भग्रंथात आहे, असे समजा :

“दशावतारी नट पाठ केलेले बोलत नाही, समोरच्या नटाने टाकलेला शब्द झेलून तो तेथल्या तेथे उत्तर घडवतो, आणि त्यामुळे प्रत्येक प्रयोग हा एक नवा वादविवाद ठरतो.”

एका विद्यार्थ्याने लिहिले : “दशावतारातील कलाकार पाठांतर केलेले म्हणत नाही, पुढच्या कलाकाराने उच्चारलेला शब्द पकडून तो जागच्या जागी उत्तर तयार करतो, आणि म्हणून प्रत्येक खेळ हा एक नवीन वादविवाद होतो.”

या विद्यार्थ्याला आपण स्वतःच्या शब्दांत लिहिले असे प्रामाणिकपणे वाटत असेल. परंतु त्याने ‘नट’ काढून ‘कलाकार’ घातला, ‘प्रयोग’ काढून ‘खेळ’ घातला. वाक्याचा सांगाडा, विचारांचा क्रम आणि ‘वादविवाद’ ही कल्पना मूळ लेखकाचीच राहिली, आणि लेखकाचे नाव मात्र आले नाही. हे वाङ्मयचौर्यच आहे.

दुसऱ्या विद्यार्थिनीने लिहिले : “दशावताराच्या प्रयोगाला संबंधित लेखकाने नव्या वादविवादाची उपमा दिली आहे. नट उत्तर जागीच घडवतो, हे त्यामागचे कारण होय. आमच्या गावच्या जत्रेत मी पाहिलेल्या प्रयोगात हे दिसले. मात्र युद्धाच्या प्रसंगी संवादांपेक्षा पखवाजाच्या तालावरील हालचालींनाच अधिक जागा होती. त्यामुळे ही उपमा संपूर्ण प्रयोगाला लागू पडते का, हे तपासावे लागेल.” (प्रत्यक्ष उत्तरात ‘संबंधित लेखक’ याऐवजी लेखकाचे व ग्रंथाचे नाव येईल.)

या उत्तरात लेखकाचा वाटा लेखकाला मिळाला आणि विद्यार्थिनीचा तिला. श्रेय दिल्यामुळेच तिचे स्वतःचे निरीक्षण उठून दिसले. असे लिहिण्याची साधी पद्धत अशी : मूळ उतारा दोनदा वाचा, पुस्तक मिटा, काय समजले ते आठवून लिहा, मग पुस्तक उघडून तपासा. उतारा समोर ठेवून लिहिले, की शब्द बदलण्यापलीकडे हात जात नाही.

कायदा आणि प्रामाणिकपणा यांतील फरकही येथे समजून घ्या. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या वाङ्मयावर प्रताधिकार राहतो. शिरोड्यात दीर्घकाळ शिक्षक असलेले वि. स. खांडेकर आणि वेंगुर्ले परिसरातील चिं. त्र्यं. खानोलकर या दोघांचेही निधन १९७६ मध्ये झाले. त्यामुळे त्यांच्या लेखनावरील प्रताधिकार २०३६ अखेरपर्यंत राहील. अभ्यास, संशोधन आणि समीक्षा यांसाठी रास्त प्रमाणात उतारे घेण्यास हा कायदा मुभा देतो. उलट, १९०५ मध्ये निधन पावलेल्या केशवसुतांच्या कवितांवर आता प्रताधिकार नाही. पण म्हणून त्यांची ओळ कोणी आपल्या नावावर खपवू शकत नाही. प्रताधिकाराला मुदत असते. श्रेयाला ती नसते.

५. बोली आणि लोकसाहित्याचे संकलन

मराठीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी जात्यावरच्या ओव्या, फुगडीची गाणी, म्हणी, गाऱ्हाणी किंवा मासेमारीतील शब्द जमवावे लागतात. ज्यांच्याकडून हे मिळते त्यांनी पुस्तक लिहिलेले नसते. म्हणून त्यांना श्रेय देण्याची गरज नाही, असे समजणे चुकीचे आहे. आजीने सांगितलेली ओवी छापलेली नसेल, पण ती तुमच्यापर्यंत पोहोचली ती आजीच्या स्मरणशक्तीमुळे. संकलन करताना पुढील पथ्ये पाळावीत.

(१) हेतू सांगा आणि परवानगी घ्या. ध्वनिमुद्रण करावयाचे असल्यास ते आधी सांगा. लपवून केलेले मुद्रण वापरू नका.

(२) सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि दिनांक नोंदवा. नाव प्रसिद्ध करू नये, अशी कोणाची इच्छा असेल, तर तिचा मान राखा आणि ‘मालवण तालुक्यातील एक ज्येष्ठ महिला’ असा उल्लेख करा.

(३) जसे ऐकले तसे लिहा. सांगणारी व्यक्ती ‘माका जावचा आसा’ म्हणाली असेल, तर वहीत ‘मला जायचे आहे’ असे लिहून ठेवू नका. प्रमाण मराठीतील अर्थ शेजारी वेगळा द्या. बोलीचे रूप ‘सुधारून’ लिहिणे हा सभ्यपणा वाटत असला, तरी तो पुराव्यात केलेला फेरफार आहे. तुमच्या वहीवरून उद्या कोणी मालवणीचा अभ्यास करील, तेव्हा त्याच्या हाती मालवणी लागणार नाही.

(४) जे मिळाले नाही ते भरून काढू नका. ओवीचा दुसरा चरण आजीला आठवला नाही, तर ‘पुढील चरण स्मरणात नाही’ अशी नोंद करा. दहा म्हणी मागितल्या आणि सातच मिळाल्या, तर सातच द्या. सात खऱ्या म्हणींत मिसळलेल्या तीन बनावट म्हणी पहिल्या सातांनाही संशयास्पद करतात.

६. गृहपाठ, सहअध्ययन आणि नवी साधने

गृहपाठाचा हेतू गुण मिळवणे एवढाच नसतो. समंत्रकांशी तुमची भेट मोजक्या दिवशीच होते; त्यामुळे आपण कोठे चुकतो हे कळण्याचा गृहपाठ हा महत्त्वाचा मार्ग आहे. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला तयार गृहपाठ उतरवून दिला, तर त्यावरील शेरे दुसऱ्याच कोणाच्या तरी चुकांवर पडतात. तुमच्या चुका तशाच राहतात आणि परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा समोर येतात.

याचा अर्थ एकट्यानेच अभ्यास करावा, असा नाही. अभ्यासकेंद्रातील चार मैत्रिणींनी मिळून प्रश्नावर चर्चा करणे, पुस्तक वाटून घेणे, एकमेकींना कठीण भाग समजावून देणे हे सहअध्ययन इष्टच आहे. मर्यादा एवढीच, की चर्चा एकत्र आणि लेखन आपापले. आपला लिहिलेला गृहपाठ व्हॉट्सॲप गटावर टाकणे ही मदत वाटते. पण त्यातून जे घडते त्यात उतरवणारा आणि देणारा दोघेही सामील असतात. मैत्रिणीला खरोखर मदत करावयाची, तर उत्तर पाठवण्याऐवजी अर्धा तास फोनवर बोलून प्रश्न समजावून द्या.

अलीकडे प्रश्न विचारताच सलग परिच्छेद लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मोबाइलवर आली आहेत. एखादी संकल्पना समजून घेण्यासाठी त्यांचा उपयोग होऊ शकतो. परंतु ही साधने अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे नाव किंवा लेखकाने कधी न लिहिलेले वाक्यही तितक्याच खात्रीने देतात. ते न तपासता उत्तरात घातले, तर वाङ्मयचौर्य आणि बनावट हे दोन्ही दोष एकाच वेळी घडतात. आपल्या अभ्यासक्रमात अशा साधनांविषयी ज्या सूचना असतील त्या पाळा, वापर केल्यास तो नमूद करा आणि त्यांनी लिहिलेला मजकूर आपला म्हणून कधीही देऊ नका.

७. परीक्षा आणि कायदा

परीक्षेतील गैरप्रकार ही केवळ शिस्तीची बाब राहिलेली नाही. महाराष्ट्रात विद्यापीठ, मंडळ आणि इतर विनिर्दिष्ट परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा स्वतंत्र अधिनियम १९८२ पासून अस्तित्वात आहे. प्रश्नपत्रिका फोडणे, परीक्षेत नक्कल करणे, नक्कल करण्यास मदत करणे अशा कृत्यांना तो गुन्हा ठरवतो. याखेरीज प्रत्येक विद्यापीठाचे परीक्षाविषयक नियम असतात. त्यांनुसार गैरप्रकार सिद्ध झाल्यास त्या परीक्षेचा निकाल रद्द होण्यापासून पुढील परीक्षांना बसण्यास मनाई होण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते.

परीक्षेला जाताना प्रवेशपत्र व ओळखपत्र बरोबर ठेवा. मोबाइल, स्मार्टघड्याळ आणि कोणताही लिहिलेला कागद दालनाबाहेर ठेवा. चिठ्ठी वापरली नाही, केवळ खिशात राहिली, हे स्पष्टीकरण दालनात पुरेसे ठरत नाही. म्हणून आत जाण्यापूर्वी खिसे आणि कंपासपेटी तपासा. आपल्या जागी दुसऱ्याला बसवणे हा तर सरळ तोतयेगिरीचा प्रकार आहे.

वाङ्मयचौर्यासंबंधी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये विनियम जारी केले. त्यांतील शिक्षांचे कोष्टक पदव्युत्तर व संशोधन पातळीवरील प्रबंधांसाठी आहे. परंतु प्रामाणिकपणाची मूलतत्त्वे पदवीच्या अभ्यासक्रमातही समाविष्ट करावीत, असे हे विनियम सांगतात. पुढे एम. ए. किंवा पीएच. डी. करण्याचा विचार असलेल्यांनी प्रबंधांसाठीचे हे टप्पे आत्ताच समजून घ्यावेत :

• १० टक्क्यांपर्यंत साम्य : शिक्षा नाही.
• १० ते ४० टक्के : ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रबंध सादर करावा लागतो.
• ४० ते ६० टक्के : एक वर्षापर्यंत सुधारित प्रबंध सादर करण्यास मनाई.
• ६० टक्क्यांहून अधिक : त्या अभ्यासक्रमाची नोंदणी रद्द.

साम्य मोजताना योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर आणि सलग चौदा शब्दांपर्यंतची सर्वसामान्य स्वरूपाची शब्दयोजना वगळली जाते. येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. साम्य शोधणारी संगणकप्रणाली शब्द मोजते, प्रामाणिकपणा मोजत नाही. चौथ्या विभागात पाहिलेला, नुसते शब्द बदलून केलेला उतारा तिच्या नजरेतून सुटू शकतो. तो सुटला म्हणून तो आपला झाला, असे होत नाही.

८. अभ्यासकेंद्रातील वर्तन

दुसऱ्याच्या शब्दाचा मान राखणे आणि दुसऱ्या व्यक्तीचा मान राखणे, या एकाच वृत्तीच्या दोन बाजू आहेत. अभ्यासकेंद्रात वीस वर्षांचा तरुण आणि पन्नाशीतील गृहिणी एकाच बाकावर बसतात. कोणी चाचरत वाचतो, कोणाच्या बोलण्यात मालवणी हेल असतो, कोणी तीस वर्षांनंतर हातात पेन धरलेले असते. त्यावरून हसणे, टोपणनावे ठेवणे, गटावर कोणाचे छायाचित्र परवानगीवाचून टाकणे ही थट्टा समोरच्याला शिक्षणातूनच बाहेर घालवू शकते. परिस्थितीशी झगडून परत आलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा निघून जावयास फार मोठे कारण लागत नाही.

छळाच्या गंभीर प्रकारांसाठी कायदा कडक आहे. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ अन्वये दोषी विद्यार्थ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याला संस्थेतून काढून टाकले जाते आणि पाच वर्षे अन्य कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश मिळत नाही. लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठी २०१३ चा अधिनियम आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम आहेत. या विनियमांतील ‘विद्यार्थी’ या संज्ञेत दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांचा स्पष्ट समावेश आहे. ‘आपण काही रोज महाविद्यालयात जात नाही, मग आपली तक्रार कोण घेणार’ असा संकोच बाळगण्याचे कारण नाही. संस्थेच्या अंतर्गत समितीकडे दाद मागण्याचा अधिकार तुम्हांलाही आहे.

९. आरोप झाल्यास

नियम जसे विद्यार्थ्याला बांधतात, तसेच ते संस्थेलाही बांधतात. गैरप्रकाराचा संशय म्हणजे दोषसिद्धी नव्हे. आरोप काय आहे हे समजणे, त्यावर आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळणे आणि निर्णय कळणे हे नैसर्गिक न्यायाचे किमान अंग आहे. असा प्रसंग आल्यास घाबरून कोऱ्या कागदावर सही करू नका. आरोप लेखी मागा, शांतपणे लेखी उत्तर द्या आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत जवळ ठेवा. गृहपाठाविषयी शंका आल्यास तुमचे कच्चे टिपण, खाडाखोड केलेली पाने, ग्रंथालयातून घेतलेल्या पुस्तकांच्या नोंदी हा तुमच्या बाजूचा पुरावा ठरतो. म्हणून निकाल लागेपर्यंत कच्ची वही फेकू नका.

१०. सारांश

या घटकात आपण पाहिले, की अभ्यासातील प्रामाणिकपणा म्हणजे आपल्या लेखनातील कोणता भाग कोणाचा, हे वाचकाला स्पष्ट सांगणे होय. ज्ञानेश्वरांनी मान्य केलेले ऋण, एकनाथांची पाठशुद्धी आणि सालोमालोविषयीचे अभंग यांवरून हे तत्त्व मराठी परंपरेत जुने असल्याचे दिसते. सर्वज्ञात माहितीला आधार लागत नाही, परंतु स्वतंत्र मांडणीला श्रेय द्यावेच लागते. केवळ शब्द बदलल्याने उतारा आपला होत नाही. बोलीची नोंद जशी ऐकली तशीच करावी. परीक्षा, वाङ्मयचौर्य आणि छळ यांसंबंधीचे कायदे विद्यार्थ्यावर बंधने घालतात, तसेच त्याला संरक्षणही देतात. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याच्या कष्टांची साक्ष त्याचे लेखनच देत असल्याने ते त्याचे स्वतःचे असणे, यात सर्वाधिक हित त्याचेच आहे.

११. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) पुढील कृती योग्य की अयोग्य, ते कारणासह सांगा.

१. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या स्थापनेचा दिनांक आधार न देता लिहिला.
२. शेजारच्या काकींनी सांगितलेली म्हण त्यांचे नाव नको म्हणाल्यामुळे स्वतःच्या नावावर दिली.
३. मैत्रिणीशी चर्चा करून, पण स्वतंत्रपणे, गृहपाठ लिहिला.
४. केशवसुतांच्या कवितांवर प्रताधिकार नसल्याने त्यांची ओळ नावाशिवाय निबंधात घातली.

उत्तरांची दिशा : १ – योग्य; ही सर्वज्ञात माहिती आहे. २ – अयोग्य; नाव न देताही ‘एक ज्येष्ठ महिला’ असे श्रेय देता येते. ३ – योग्य. हे सहअध्ययन आहे. ४ – अयोग्य. प्रताधिकार संपला तरी श्रेय संपत नाही.

(आ) थोडक्यात उत्तरे लिहा.

१. वाङ्मयचौर्य आणि बनावट यांतील फरक उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२. ‘बोली सुधारून लिहिणे हा पुराव्यात केलेला फेरफार आहे.’ या विधानाची चर्चा करा.

१२. उपक्रम

या पुस्तिकेतील कोणताही एक परिच्छेद दोनदा वाचा. पुस्तिका मिटून त्याचा आशय पाच ओळींत लिहा. नंतर मूळ परिच्छेद समोर ठेवून जेथे शब्द किंवा वाक्यरचना मुळातलीच आली असेल, तेथे खाली रेघ ओढा. रेघ ओढलेला भाग एक तर अवतरणचिन्हांत ठेवा किंवा पुन्हा लिहा. शेवटी त्या आशयाविषयी तुमचे स्वतःचे एक निरीक्षण, सहमतीचे वा मतभेदाचे, दोन ओळींत जोडा. हे लेखन पुढील संपर्कसत्राच्या वेळी समंत्रकांना दाखवा आणि त्यांच्याशी चर्चा करा.